उंदीर पोहायचा थांबला म्हणजे नेमकं काय झालं?

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कसं असतं हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. दुपारी नळ सोडला तर हात पोळतो. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला मला तेच पाणी २५ अंशांवर आणायचं होतं, कारण प्रोटोकॉलमध्ये तसं लिहिलं होतं, आणि प्रोटोकॉल मी ज्या पेपरवरून उतरवला होता तो थंड मुलखातला होता. मग मी आणि माझा जोडीदार सकाळी रसवंतीवाल्याकडून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणायचो, फोडायचो, बादलीत टाकायचो, थर्मामीटर धरून बसायचो. २५ झालं की पाणी काचेच्या नळकांड्यात ओतायचं आणि त्यात एक पांढरा उंदीर सोडायचा. सहा मिनिटं. चौथ्या-पाचव्या उंदरापर्यंत पाणी पुन्हा कोमट व्हायचं. कधी बदललं, कधी नाही बदललं. प्रबंधात मात्र सगळीकडे ‘२५ ± १ अंश’ असंच छापलं आहे.

या चाचणीचं नाव फोर्स्ड स्विम टेस्ट. उंदराला बळेच पोहायला लावायचं. भांडं उंच आणि गुळगुळीत, त्यामुळे चढून जाता येत नाही, आणि पाणी इतकं खोल की शेपटी तळाला लागत नाही. पहिली दोन मिनिटं सोडून द्यायची. पुढच्या चार मिनिटांत उंदीर किती सेकंद हालचाल न करता नुसता तरंगतो, ते स्टॉपवॉचवर मोजायचं. जास्त तरंगला तर तो ‘हताश’. औषध दिल्यावर कमी तरंगला तर औषध नैराश्यविरोधी.

मोजणं ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात उंदीर कधीच पूर्ण स्थिर होत नाही. नाक पाण्याबाहेर ठेवायला मागचा एक पाय हलकाच मारतो, मिशा थरथरतात, शेपटी वळते. हे पोहणं की तरंगणं? मी एकाच उंदराचे १४२ सेकंद मोजले तेव्हा शेजारी बसलेल्या जोडीदाराचे ११० आले होते. गाइड सरांना विचारलं. ते म्हणाले, सरासरी घे. माझ्या पदवीतला नैराश्याचा आकडा असा तयार झाला आहे.

तक्रार सरांबद्दल नाही, कॉलेजबद्दलही नाही. तिथं एसी नव्हता, व्हिडिओवर मोजणारं सॉफ्टवेअर नव्हतं, मी स्वतः बर्फ आळसाने कमी आणला होता. पण समजा सगळं काटेकोर असतं, पाणी २५ वरून हललं नसतं, मोजणीही मशीनने केली असती, तरी त्या आकड्यातून माणसाच्या नैराश्याबद्दल काय कळलं असतं? माझं उत्तर आहे, जवळजवळ काहीच नाही. आणि म्हणून ही चाचणी, तिच्या जोडीची उंदराला शेपटीने उलटं टांगायची चाचणी, दोन्ही आपल्या विद्यापीठांनी पदव्युत्तर प्रबंधांसाठी मंजूर करणं बंद करावं असं माझं मत आहे.

१९७७ साली रॉजर पोर्सोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी मांडली. रॅटला, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराला, पहिल्या दिवशी १५ मिनिटं पाण्यात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ५ मिनिटं. दुसऱ्या दिवशी तो लवकर थांबतो. इमिप्रामिनसारखं नैराश्यावरचं तेव्हाचं औषध दिलं की कमी थांबतो. या थांबण्याला त्यांनी हताशेचं नाव दिलं, आणि नाव इतकं चिकटलं की पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याखाली काय आहे ते फारसं कुणी उचकटून पाहिलं नाही.

आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात. कंबरेला दोर, पाठीला रिकामा डबा, काठावर काका. पहिले चार दिवस पोरगं हातपाय झाडतं, पाणी पितं, दमतं. काका वरून ओरडतात, ‘झाडू नको रे, उताणा पड, पाणी उचलीन तुला.’ ज्या दिवशी ते धडपड सोडून नुसतं तरंगतं, त्या दिवशी घरी येऊन काका सांगतात, पोरगं पोहायला शिकलं. पोरानं जगण्याची आशा सोडली असं त्या काठावर कुणालाच वाटत नाही. उंदीरही दुसऱ्या दिवशी लवकर थांबतो, कारण काल त्याला कळलेलं असतं की इथून बाहेर जायला वाट नाही, आणि थोड्या वेळाने एक हात येऊन उचलतो. लायडन विद्यापीठातल्या दे क्लोएट आणि मोलेन्डाइक यांनी नेमकं हेच मांडलं आहे: थांबणं म्हणजे शिकणं, शक्ती राखणं, परिस्थितीशी जुळवून घेणं. त्यांनी पेपर लिहिला. आमच्या काकांना ते आधीच ठाऊक होतं, असं मी म्हटलं तर जरा जास्त होईल, पण फार जास्त नाही.

याच्या उलट बाजूही गमतीची आहे. अ‍ॅम्फेटामिन द्या, कॅफिन द्या, उंदीर कमी तरंगतो. कॅफिन नैराश्याचं औषध असतं तर बसस्टँडवरच्या चहावाल्याला डॉक्टर म्हणावं लागलं असतं. म्हणून मग अ‍ॅक्टोफोटोमीटरच्या पेटीत उंदराची एकूण धावपळ वेगळी मोजतात आणि तरतरीची औषधं गाळतात. म्हणजे चाचणी चुकते हे चाचणी करणाऱ्यांनाही मान्य आहे, तिच्यावर पहारा ठेवायला दुसरी चाचणी ठेवलेली आहे. पुढे नैराश्यावरची फ्लुऑक्सेटिनच्या पिढीतली औषधं आली, अमेरिकेत १९८७ साली फ्लुऑक्सेटिनला परवानगी मिळाली. रॅटवरच्या मूळ पद्धतीत ही औषधं नीट दिसेनात. माणसांत चालणारं औषध, उंदरात नापास! तेव्हा १९९५ च्या सुमारास मोजायची रीत बदलली. नुसतं थांबणं न धरता पोहणं वेगळं, भिंतीवर चढायची धडपड वेगळी मोजू लागले, मग ती औषधं ‘बसली’. सदरा अंगाला बसेना, तर शिंप्याने टेपच बदलली.

वेळेचं गणित तर त्याहून विचित्र. गोळी सुरू केल्यावर माणसाला फरक जाणवायला दोन-तीन आठवडे लागतात, कधी सहा. माझ्या औषधांच्या दुकानात रोज हेच सांगतो, ‘दादा, पंधरा दिवसांत सोडू नका.’ उंदराला परीक्षेच्या आधीच्या २४ तासांत तीन डोस दिले की तो पोहू लागतो. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडते आहे असं मानायला मोठी श्रद्धा लागते.

चाचणीच्या बाजूने बोलणारे यावर एक चांगला युक्तिवाद करतात, तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ते म्हणतात, हे नैराश्याचं मॉडेल नाहीच, ही फक्त चाळणी आहे. उंदीर दुःखी आहे की नाही याच्याशी आम्हाला घेणं नाही. माणसांत चालणारी औषधं या चाळणीत वर राहतात, एवढं पुरेसं आहे. कबूल. पण चाळणी कुठल्या दाण्यावर बनवली ते बघा. जी औषधं आधीच हाती होती त्यांच्या मापाची भोकं पाडली. अशी चाळणी जुन्या औषधाची भावंडं ओळखते, अनोळखी औषध आलं तर फेकून देते.

चिंतेच्या चाचणीचीही तीच गत. इलेव्हेटेड प्लस मेझ हे जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवरचं अधिक चिन्हाच्या आकाराचं लाकडी यंत्र. दोन फांद्यांना भिंती, दोन उघड्या. उंदराला उंच उघड्या जागेची भीती वाटते, तो भिंतीआड राहतो. चिंता शमवणारं डायझेपाम दिलं की पाच मिनिटांत उघड्या फांदीवर येऊन खाली डोकावतो. हे मी पाहिलं आहे आणि खरं सांगायचं तर ते पाहताना मजा वाटते. इतकं स्वच्छ दिसतं. डायझेपामच्या घराण्यासाठी ही चाचणी चांगलीच आहे. पण बुस्पिरोन हे चिंतेवरचं वेगळ्या घराण्यातलं औषध तिच्यात कधी दिसतं, कधी नाही. आणि आज डॉक्टर चिंतारोगावर सर्वांत आधी लिहितात ती फ्लुऑक्सेटिनच्या गटातली औषधं एका डोसला काहीच दाखवत नाहीत किंवा उंदीर आणखी घाबरलेला दिसतो.

मग ही औषधं सापडली तरी कशी? बहुतेक सगळी माणसांकडे नीट लक्ष दिल्यामुळे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड दिलं, आणि खंगलेली माणसं उल्हासाने वागू लागली, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिन वेगळ्याच आजारासाठी वापरून पाहिलं. तिथं ते चाललं नाही, पण खिन्न रुग्णांवर परिणाम दिसला, १९५७ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. भुलीचं केटामिन घ्या. ते काही तासांत नैराश्य हलकं करतं, हे येल विद्यापीठातल्या मोजक्या रुग्णांवरच्या अभ्यासातून २००० साली पुढे आलं. आपल्या सर्पगंधेचं तर काय सांगावं. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच तिचा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोग नोंदवला होता, मुंबईच्या रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला. पुढे तिच्यातलं रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असं डॉक्टरांना दिसलं, आणि त्यावरून प्राण्यांना रिसर्पिन देऊन त्यांच्या पापण्या मिटतात का ते बघायची जुनी चाचणी निघाली. आधी माणूस, मागून उंदीर. उलट दिशेने सीआरएफ या ताणाच्या संप्रेरकाला अडवणारी औषधं प्राण्यांत झकास दिसली आणि माणसांच्या नैराश्यावरच्या चाचण्यांत टिकली नाहीत. २०१० साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन आणि अ‍ॅस्ट्राझेनेका या बड्या कंपन्यांनी मनोविकारांच्या संशोधनातून अंग काढून घ्यायला सुरुवात केली, त्यामागे अशा अपयशांचा मोठा वाटा होता.

आकडे एका प्रयोगशाळेतून दुसरीत गेले की बदलतात, ही आणखी एक पीडा. १९९९ मध्ये क्रॅब आणि सहकाऱ्यांनी उंदरांची तीच वाणं, तीच यंत्रं, तोच दिनक्रम ठेवून तीन शहरांत एकाच वेळी या जातीच्या चाचण्या केल्या, तरी निकाल जुळले नाहीत. २०१४ मध्ये तर असं दिसलं की पुरुष प्रयोगकर्ता नुसता खोलीत असला तरी उंदरांचा ताण वाढतो, त्याचा घातलेला शर्ट ठेवला तरी पुरतं. आमच्या खोलीत दोन घामाघूम पुरुष, एक बर्फाची गोणी आणि वर घरघरणारा पंखा होता.

प्राणीप्रयोग सरसकट बंद करा असं मी म्हणत नाही. नवं औषध माणसाच्या पोटात जायच्या आधी त्याचं विष किती, यकृतावर काय होतं, हे बघायला आजही बरेचदा प्राणी लागतात. त्यातही पर्याय येत आहेत, २०२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारने औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींच्या चिप आणि संगणकी मॉडेल अशा पद्धतींना जागा दिली. पण विषारीपणा तपासणं आणि दुःख तपासणं या दोन गोष्टी एका पावतीवर खपवू नयेत.

वडिलांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘आपण शेतात दरसाल झिंक फॉस्फाइड टाकतो, तेव्हा तुला उंदरांचा पुळका येत नाही. तीस उंदरांचं काय घेऊन बसलास?’ प्रश्न बरोबर आहे. पाच गट, प्रत्येकी सहा, असे माझे तीसच उंदीर होते. पण शेतकरी उंदीर मारतो तेव्हा गहू वाचतो, आणि त्या मेलेल्या उंदराने माणसाच्या मनाबद्दल काही सांगितलं असं तो म्हणत नाही. माझ्या तीस उंदरांनी एक प्रबंध वाचवला.

तो प्रबंध कसला होता तेही सांगून टाकतो. बांधावरची एक वनस्पती घ्यायची, पानं सावलीत वाळवायची, अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, किलोला २०० आणि ४०० मिलिग्रॅम असे दोन डोस, जोडीला तुलनेच्या ‘स्टँडर्ड’ गटाला इमिप्रामिन. पोहायला लावायचं, शेपटीने टांगायचं, मोजायचं. ४०० ला २०० पेक्षा थोडं जास्त दिसतं. मग ‘डोसनुसार लक्षणीय नैराश्यविरोधी परिणाम’ असा निष्कर्ष आणि पैसे भरून छापणाऱ्या एखाद्या नियतकालिकात पेपर. शिरपूर, जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात फार्मसीच्या इतक्या जागा आहेत की दरवर्षी अशी किती पानं वाळत असतील याचा हिशोब नको. वनस्पती बदलते, कोष्टक तेच राहतं. यातल्या एकाही अर्काची पुढे माणसावर चाचणी झाल्याचं माझ्या ओळखीत कुणी सांगत नाही. शब्द मात्र पुढे जातो. उंदीर कमी तरंगला, एवढंच खरं. पेपरात त्याचं ‘नैराश्यविरोधी’ होतं, माहितीपत्रकात ‘संशोधनाने सिद्ध’, आणि माझ्याच दुकानाच्या फळीवर ‘मन शांत, ताण दूर’ लिहिलेली चूर्णाची डबी. गेल्या वर्षी एक बाई मुलाची चालू गोळी बंद करून ती डबी मागायला आल्या. ‘ह्याच्यात साइड इफेक्ट नाही ना, भाऊ?’ मी डबी दिली नाही, अर्धा तास बोलत बसलो. डबी फळीवर अजून आहे, ती मीच ठेवली आहे. व्यापारी आहे मी, संत नव्हे.

आणि आमचे नाना. चोपड्याकडे त्यांची केळी. वादळात बाग आडवा झाला, विम्याचं भिजत घोंगडं पडलं, आणि नाना ओट्यावर बसून राहू लागले. पहाटे तीनला उठायचे. जेवायला बोलावलं तर ‘कशामाच मन लागत नही रे’ एवढंच. सोसायटीचं कर्ज आपल्यामुळे पोरांच्या डोक्यावर बसलं, हे दिवसातून दहादा. घरच्यांनी मला फोन केला, ‘तू तर ह्याच्यावरच शिकलास, तुझं ते औषध दे ना.’ माझं ते औषध! सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात बांधलेलं दीडशे पानांचं औषध. त्यात नानांच्या पहाटेच्या तीन वाजण्याबद्दल, त्या अपराधी वाटण्याबद्दल, उद्याच्या भीतीबद्दल एक ओळ नव्हती. असणार कशी? उंदराला कर्ज नसतं. त्याला स्वतःची लाज वाटत नाही, आणि वाटत असेल तर ती काचेतून दिसत नाही. नानांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळी लागली, चुलतभाऊ रोज संध्याकाळी त्यांना बळेच शेताच्या बांधापर्यंत चालवत नेई. आता बरे आहेत, म्हणजे काही दिवस बरे असतात.

बाहेर वारं बदललं आहे. ब्रिटनमध्ये सरकारला सल्ला देणाऱ्या प्राणी-विज्ञान समितीने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की ही चाचणी नैराश्याचं मॉडेल म्हणून वापरू नये. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ मध्ये तिच्यावर कायद्यानेच बंदी आणली. कित्येक औषध कंपन्यांनी ती सोडल्याचं जाहीर केलं आहे. म्हणजे ‘पोरांना पुढे कंपनीत नोकरी लागायची तर हात बसायला हवा’ हा आपल्याकडचा नेहमीचा खुलासाही उरत नाही. बी.फार्म.ला प्राण्यांवरचे प्रयोग आपण केव्हाच सॉफ्टवेअरवर नेले, कुणाचं काही अडलं नाही. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असते, तिच्यावर विज्ञानाबाहेरचा, समाजातला एक सदस्यही असतो. त्या सदस्याने बैठकीत चहा-बिस्किटांच्या आधी एवढंच विचारावं: हा उंदीर थांबला तर नेमकं काय कळणार आहे? उत्तर देता आलं नाही तर सही करू नये.

विद्यार्थ्यांनी मग करायचं काय? माझ्या काउंटरवर या. नैराश्याची गोळी सुरू झालेली माणसं पहिल्या महिन्यात ती का सोडतात? मळमळ होते म्हणून, झोप फार येते म्हणून, ‘वेड्याची गोळी’ म्हणून सासू टोमणे मारते म्हणून, की तालुक्याला यायचं एसटीचं भाडं नाही म्हणून? बायकांत नैराश्य पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं, आणि आपण प्रयोगात बहुतेक नर उंदीर घेतो. इथल्या बायका दुकानात येऊन काय मागतात हे कुणी लिहून ठेवलं आहे? त्या ‘नैराश्य’ म्हणत नाहीत. अंग दुखतं, छातीत धडधडतं, अशक्तपणा आहे, टॉनिक द्या, म्हणतात. विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत गावातल्याच माणसांना हाताशी धरून काम झालं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. असल्या कामाला बर्फ लागत नाही. चपला झिजतात, आणि माणसांची परवानगी घ्यावी लागते, जी उंदराकडून कधी घ्यावी लागली नाही. बहुधा अवघड तेच वाटतं.

मागच्या महिन्यात एक मुलगा दुकानात आला. फ्लुऑक्सेटिनच्या कॅप्सूल हव्या होत्या.

‘चिठ्ठी?’

‘चिठ्ठी नाही, दादा. उंदरांसाठी आहेत. स्टँडर्ड ग्रुपला.’

कॉलेजच्या लेटरहेडवर मागणीपत्र आण म्हटलं. सिनॉप्सिस बघू म्हटलं. त्याने मोबाइलवर दाखवला. वनस्पती वेगळी, बाकी माझाच प्रबंध, ‘२५ ± १’ सकट. मी त्याला शीर्षकातला नैराश्य हा शब्द काढायला सांगितलं, नुसतं ‘पोहण्याच्या चाचणीतील परिणाम’ लिही म्हटलं. तो ओशाळं हसला. ‘सर पास करणार नाहीत.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘दादा, तुम्ही पाणी गार कसं करायचा? आमच्याकडं तर पस्तीसच्या खाली येतच नाही.’

रसवंती आता बंद झाली आहे. मी त्याला बर्फाच्या कारखान्याचा रस्ता सांगितला.